दप्तरातला मावा आणि घरातली पुडी

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावीला. दप्तर धुवायला काढलं तेव्हा बाजूच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळलेला मावा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, सापडला. आधी म्हणाला, मित्राचा आहे. रात्री रडत कबूल केलं की आठवीनंतरच्या सुट्टीपासून खातो, आता दिवसाला दोन पुड्या लागतात. आईच्या मते पलीकडच्या गल्लीतल्या मित्राने त्याला बिघडवलं. त्या मुलाला वडील नाहीत, संध्याकाळी तो गॅरेजवर काम करतो आणि लहानपणापासून निम्मी जेवणं त्याने यांच्याच घरी केलेली आहेत. 'आमच्या घरात असलं काही नाही,' असं त्या लिहितात, आणि चार ओळींनंतर, 'ह्यांना तंबाखू लागते, पुडी आणायला हाच जातो, पण त्याने कधी हात लावला नव्हता.' नववीपासून अभ्यासासाठी मुलाची कबड्डी बंद केली आहे, आता क्लास आणि रात्री दहापर्यंत अभ्यासिका असते. वडील तापट, म्हणून त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. दिवाळीनंतर मुलाला लांबच्या निवासी शाळेत टाकावं का, मित्राशी बोलणं तोडायला लावावं का, लघवी तपासून नशा ओळखायचं किट आणावं का, आणि हा पुढे दारू-गांजाकडे वळेल का, हे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई,

तुमच्या पत्रात मित्राबद्दल दोन पानं आहेत आणि मुलगा रडला त्याबद्दल एक ओळ. मला ती एक ओळ जास्त महत्त्वाची वाटते. या वयाची मुलं सापडली की बहुतेक वेळा आणखी खोटं बोलतात, नाहीतर दार आपटून निघून जातात. तुमच्या मुलाने कधीपासून, दिवसाला किती, हे स्वतःहून सांगितलं. म्हणजे त्यालाही हे सुटायला हवं आहे, निदान त्याची भीती तरी वाटते आहे. पुढचं सगळं या विश्वासावर चालणार आहे, तेव्हा तो मोडेल असं सध्या काहीही करू नका. किटचा प्रश्न इथेच संपतो. त्याने तोंडाने कबूल केलेलं असताना लघवी तपासून तुम्हाला नवीन काय कळणार? त्याला मात्र एवढं नक्की कळेल की खरं बोलून काही उपयोग झाला नाही. रोज दप्तर उपसणंही थांबवा.

आता मित्राचं. 'संगतीने बिघडला' हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यात तपासण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. डेनिस कँडल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमधल्या मित्रांच्या जोड्यांवर केलेला अभ्यास 1978 मध्ये प्रसिद्ध झाला. मित्रमित्र व्यसनाच्या बाबतीत सारखे का असतात, याची त्यांना दोन कारणं सापडली आणि दोन्ही जवळपास सारख्याच वजनाची. सोबत राहून मुलं एकमेकांसारखी होतात हे एक. मुळात आपल्यासारखाच मुलगा ती मित्र म्हणून निवडतात, हे दुसरं. तुमच्या दोघा मुलांत कोणी कोणाला पहिल्यांदा मावा दिला, हे कदाचित त्यांनाही आठवणार नाही. त्या मुलाच्या आईला विचारलंत, तर ती तुमच्या मुलाकडे बोट दाखवेल अशी बरीच शक्यता आहे.

मित्रांचा परिणाम होतच नाही, असं मी म्हणत नाही. तो या वयात फार होतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ होता. 13 ते 16 वयाची मुलं एकटी खेळताना बेताने खेळायची. बरोबरीची मुलं बघत असली की तीच मुलं कितीतरी जास्त धोका पत्करायची. चोविशीच्या पुढच्या माणसांना कोणी बघण्या-न बघण्याने विशेष फरक पडला नाही. यातली गोम अशी की मुलं बघणाऱ्यांसमोर धाडस करतात आणि बघणारा 'वाईट' असावा लागत नाही. मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, आणि चारचौघांत कमी लेखलं जाऊ नये ही ओढ मात्र पंधराव्या वर्षी पूर्ण जोरात असते. आता निवासी शाळेचा विचार करा. तिथे तुमचा मुलगा सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत बरोबरीच्या मुलांतच असेल. वर्षाच्या मध्यावर आलेला नवा मुलगा म्हणून त्याला त्यांच्यात जागा मिळवायची असेल, आणि ज्या बाईजवळ तो रडला ती शे-दीडशे किलोमीटरवर असेल. मावा, तंबाखू, सिगारेट वसतिगृहांच्या भिंतींना घाबरत नाही. वर दहावीचं वर्ष. मला यात त्याचा तोटाच दिसतो. घरात मारहाण थांबतच नसेल, किंवा मुलगा कुणा विक्रेत्याच्या तावडीत सापडला असेल, तर जागा बदलणं आवश्यक ठरतं. तुमच्या पत्रावरून तशी वेळ आलेली दिसत नाही.

मग मावा आला कुठून? तुम्ही जे वाक्य सहज लिहून गेलात त्याकडे मला परत जायचं आहे. पुडी आणायला हाच जातो. टपरीवाल्याने त्याला पहिली पुडी दिली तेव्हा तो किती वर्षांचा असेल? सहा? सात? सुट्टे पैसे मुठीत, 'बाबांनी सांगितलंय' म्हणायचं आणि घरी येऊन पुडी बाबांच्या हातात द्यायची. मग बाबा तळहातावर चुना लावून अंगठ्याने मळतात, टाळी मारतात, बार भरतात आणि दिवसभराचा ताण उतरल्यासारखे शांत बसतात. हे त्याने हजारो वेळा पाहिलं आहे. दमलेल्या माणसाने काय करायचं असतं, याचा धडा त्याला घरातच मिळाला. मित्र नंतर आला.

हा दोष तुमच्या यजमानांच्या पदरी टाकण्यासाठी लिहीत नाही. त्यांनाही हे असंच कुणाकडून तरी मिळालं असणार. आपल्याकडे किती घरांत आजीच्या मिश्रीचा डबा दात घासायच्या पावडरीशेजारी असतो! पण आकडे हेच सांगतात. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात आपल्या देशातले 13 ते 15 वयाचे 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखू वापरणारे निघाले. आणि ज्यांनी खायची तंबाखू कधी तरी वापरली होती, त्यांच्यातल्या 52 टक्के मुलांनी ती वयाची दहा वर्षं पूर्ण होण्याआधीच पहिल्यांदा तोंडात टाकली होती. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला टोळकं नसतं. त्याला घर असतं आणि कोपऱ्यावरची टपरी असते.

म्हणून यजमानांना सांगायला हवंच, आणि लवकर. तुम्ही दोघं माय-लेक मिळून हे लपवत राहिलात तर मुलाच्या मनात एकच गोष्ट बसेल, की घरात खरं बोलायचं नसतं. पण सांगायची पद्धत महत्त्वाची. मुलगा घरात नसताना, यजमानांचं जेवण झाल्यावर, एकट्याला सांगा. सुरुवातीलाच म्हणा, 'तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, पण त्याच्या अंगावर हात टाकणार नाही असं आधी कबूल करा. त्याने विश्वासाने सांगितलंय.' चिडले तर चिडू द्या, तो राग तुमच्यावर निघालेला परवडेल, त्या रात्री मुलावर नको. तुमच्यावरही हात उगारला जाईल अशी भीती असेल तर मात्र एकटीने सांगू नका. दीर, सासरे किंवा त्यांचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाला सोबत घ्या. राग ओसरल्यावर दुसरी गोष्ट. आजपासून मुलाला पुडी आणायला पाठवायचं नाही, आणि त्याच्यासमोर मळायची नाही. जमलं तर तिसरी: 'तुम्हीही त्याच्याबरोबर सोडा.' बापाने मुलाला 'मलाही जड जातंय, पण आपण दोघं करून बघू' असं म्हटलं, तर त्याचं वजन दहा व्याख्यानांपेक्षा जास्त असतं. त्यांच्या पुडीवर, त्या भयानक चित्राजवळ, 1800-11-2356 हा क्रमांक छापलेला असतो. तो तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारा सरकारी, मोफत दूरध्वनी आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं. इतकी वर्षं तो क्रमांक तुमच्या घरात येतोय.

मुलाशी बोलताना 'का खाल्लास?' हा प्रश्न टाळा. त्याला उत्तर येत नाही आणि मान खाली जाते. त्याऐवजी विचारा की दिवसात कधी हवासा वाटतो, खाल्ल्यावर काय बरं वाटतं, नाही मिळाला तर काय होतं. मग गप्प बसा. मध्ये उपदेश नको. मला त्याच्या उत्तरांचा अंदाज बांधायचा झाला तर रात्रीच्या अभ्यासिकेचं नाव निघेल, झोप आवरण्याचं निघेल, आणि क्लास सुटल्यावर सगळे टपरीवर थांबतात तेव्हा एकट्याने सायकल दामटत निघून यायला लाज वाटते, हेही. पण अंदाज तो अंदाज. तुम्ही त्याच्याकडूनच ऐका. एक प्रश्न मुद्दाम विचारा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागतो का? लागत असेल तर शरीराला निकोटिनची चांगलीच सवय लागलेली आहे आणि केवळ मनाचा निश्चय पुरणार नाही.

याच आठवड्यात एक काम करा. त्याला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं, एकावर एक अशी उभी, वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का बघा. तिखट लागल्यावर तोंडाची आग होते का, गालाच्या आत पांढुरके चट्टे किंवा दोरीसारखे कडक पट्टे आहेत का, हेही पाहा. माव्यात तंबाखू आणि चुन्याबरोबर कातरलेली सुपारी असते. विदर्भात ज्याला खर्रा म्हणतात तोही याच जातीचा. नुसत्या सुपारीनेही तोंडाच्या आतली त्वचा ताठर होत जाते, जबडा उघडेनासा होतो, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. हे म्हातारपणीचं दुखणं नाही, विशीच्या आतल्या मुलांतही सापडतं. एकदा आखडलेलं तोंड पूर्ववत होणं कठीण, पण खाणं थांबलं तर पुढचं नुकसान टळतं. बोटं जात असली तरी दंतवैद्याला एकदा दाखवा. आणि मावा सुटावा म्हणून त्याच्या हातात सुगंधी सुपारी देऊ नका. पुष्कळ आया प्रेमाने हेच करतात. बडीशेप, लवंग, ओवा, भाजलेले शेंगदाणे चालतील.

सोडायचा दिवस त्यालाच ठरवू द्या, चाचणी परीक्षेचा आठवडा सोडून. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडचिड होते, डोकं दुखतं, पुस्तकात लक्ष लागत नाही, झोप बिघडते. दोन ते चार आठवड्यांत हे बरंचसं ओसरतं. तलफ येते ती बहुधा काही मिनिटांची असते, तेवढा वेळ पाणी पिऊन, चक्कर मारून काढता येतो. हे त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर 'मावा सोडला आणि अभ्यासच होईना' असं वाटून तो पुन्हा टपरी गाठेल. त्या दिवसांत उलट उत्तरं आली तर मनाला लावून घेऊ नका. निकोटिनचं च्युइंगम औषधांच्या दुकानात सहज मिळतं, पण अठराच्या आतल्या मुलाला ते डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नये. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करा. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' नावाचे दवाखानेही चालतात, तिथला समुपदेशक मुलाशी एकट्याने बोलतो. मध्येच एखादी पुडी खाल्ली तर 'सगळं फुकट गेलं' म्हणू नका. कुठे होतास, कोण होतं, पुढच्या वेळी काय करशील, एवढंच बोला.

आणि कबड्डी. तुम्हीच लिहिलंय की मावा आठवीनंतरच्या सुट्टीत सुरू झाला आणि नववीला खेळ बंद केला. खेळ बंद झाल्यामुळे दोन पुड्यांपर्यंत गेला, असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण संध्याकाळी अंगातली रग जिरवायची जागा गेली, घामाने निथळत घरी यायचं गेलं, ओरडणारा प्रशिक्षक गेला, आणि त्या जागी क्लास, अभ्यासिका आणि टपरी आली. आइसलँड या छोट्या देशात 1998 मध्ये 15-16 वर्षांची 42 टक्के मुलं महिन्याभरात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेली होती. 2016 पर्यंत हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारी मुलं 23 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आली. त्यांनी मुलांना भीती घालण्यावर भर दिला नाही. संध्याकाळच्या वेळी खेळ आणि कला शिकायची सोय केली, त्यासाठी पालकांना पैशांची मदत दिली, रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहायचं नाही यावर पालकांनी आपापसांत करार केले, आणि आईबापांनी मुलांबरोबर रोज जास्त वेळ घालवावा म्हणून मागे लागले. तो श्रीमंत देश आहे, आपला तालुका तसा नाही, हे मला दिसतं. पण कबड्डीला मातीचं मैदान पुरतं. आठवड्यातून तीन संध्याकाळी त्याला सोडा. रात्री दहापर्यंतची अभ्यासिका त्याच्या मार्कांसाठी खरंच गरजेची आहे का, हेही त्याच्याबरोबर बसून एकदा तपासा.

दारू-गांजाच्या भीतीबद्दल. दारू-गांजाकडे गेलेल्या पुष्कळांनी सुरुवात तंबाखूने केलेली असते, पण तंबाखू खाणारी बहुतेक मुलं तिथवर जात नाहीत. तेव्हा आज त्याच्याशी माव्याबद्दलच बोला. हे सदर वाचणाऱ्या इतर पालकांसाठी मात्र थोडं सांगायला हवं. शहरात मावा नसेल, पेन ड्राइव्हसारखा दिसणारा व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, असेल. त्याच्या विक्रीवर देशात 2019 पासून बंदी आहे, तरी तो मुलांपर्यंत पोचतो आणि त्यातही बहुधा निकोटिनच असतं. रुमालाला किंवा बाहीला व्हाइटनरचा, पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण हुंगण्याने पहिल्याच वेळीही हृदय बंद पडू शकतं. देशपातळीवरच्या 2019 च्या पाहणीत हुंगायच्या पदार्थांचा वापर मोठ्यांपेक्षा 10 ते 17 वयाच्या मुलांत जास्त आढळला होता, 0.58 टक्क्यांच्या तुलनेत 1.17. मुलगा दिवसचे दिवस गुंगीत दिसत असेल, 'बटण' म्हणतात तसल्या नशेच्या गोळ्या सापडल्या असतील, घरातले पैसे-वस्तू जात असतील, तर घरगुती उपायांवर वेळ घालवू नका. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे मोफत क्रमांक आहेत. पुण्यात 1986 पासून काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या संस्था आहेत. मुलांना साखळीने बांधून 'सुधारणाऱ्या' जागांपासून मात्र दूर राहा, त्या कितीही नावाजलेल्या असोत.

टपरीवाल्याशी एकट्याने भांडायला जाऊ नका. गाव छोटं, भांडणाचा त्रास मुलालाच होईल. अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकणं, आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत ती विकणं, दोन्ही 2003 च्या कायद्याने बंद आहे. त्या कायद्यातला दंड 200 रुपयांपर्यंतच, म्हणून कोणी जुमानत नाही. पण 2015 च्या बालन्याय कायद्याच्या 77 व्या कलमाखाली मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत वाचून दाखवा आणि दहा-बारा पालकांच्या सह्यांचं पत्र मुख्याध्यापकांमार्फत पोलीस ठाण्यात द्या. शाळेबाहेर ती हद्द दाखवणारी पिवळी रेषा आखायची असते, ती आहे का हेही विचारा. तुमच्या मुलाचं नाव यात कुठेही यायला नको. वर्गशिक्षकांपैकी कुणावर विश्वास असेल तर त्यांना खाजगीत सांगा, पण चारचौघांत उभं करून माफी मागायला लावणारे सर असतील तर शाळेला काहीच सांगू नका.

राहिला तो मित्र. त्याला दारातून हाकललंत तर दोघं टपरीवर भेटतील, आणि त्या मुलाची एक पंगत कमी होईल. मी तुमच्या जागी असते तर त्याच्या आईकडे गेले असते, तक्रार न घेता. 'आपल्या दोघांच्याही पोरांना लागलंय, मी माझ्याला दंतवैद्याकडे नेतेय, तुझ्यालाही नेऊ का?' एवढंच विचारा. ती चिडेल कदाचित. दोन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा विचारा. गॅरेजची सुट्टी कधी असते ते बघून वेळ घ्या, म्हणजे त्याचा रोज बुडणार नाही, आणि दोघांनी सोडायचा दिवस एकच ठरवला तर दोघांनाही सोपं जाईल. निवासी शाळेचा अर्ज अजून भरला नसेल तर भरू नका. भरला असेल तर प्रवेश पुढच्या जूनपर्यंत थांबवता येतो का, ते फोन करून विचारा. अकरावीला कुठे जायचं हे तेव्हा मुलासोबत बसून ठरवता येईल.